अणुचाचणीबंदी आणि पडताळणीची सबब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



निःशस्त्रीकरण हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला की श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर एक आदरयुक्त औदासीन्य पसरते, असा माझा अनुभव आहे. हेतू उदात्त आहे, संयुक्त राष्ट्रसंघात ठराव होत असतात, महासत्ता ते बासनात गुंडाळून ठेवतात. यात आपण काय करणार, असा तो भाव असतो. म्हणून आज मी ठरावांविषयी बोलणार नाही. एका तांत्रिक प्रश्नाची आणि त्या प्रश्नाच्या आडून चाललेल्या राजकारणाची हकीकत सांगणार आहे. प्रश्न असा: जमिनीखाली केलेली अणुचाचणी दूरवरून ओळखता येते की नाही? येत असेल, तर सर्व चाचण्यांवर बंदी घालणारा करार पाळला जातो की नाही हे तपासता येईल. येत नसेल, तर करार पाळणारा भोळा ठरेल आणि मोडणारा शहाणा. १९५८ पासून चाचणीबंदीच्या वाटाघाटी जेव्हा जेव्हा अडल्या, तेव्हा तेव्हा ‘पडताळणी’ हा शब्द पुढे करण्यात आला. या शब्दात शास्त्र किती आणि सबब किती, याचा हिशेब आपणच मांडला पाहिजे. कारण तो शब्द आता पुन्हा कानांवर येऊ लागला आहे.

प्रारंभ १९५४ पासून करू. त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली आणि दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवर किरणोत्सारी राख पडली. नौकेवरचा बिनतारी यंत्रचालक त्याच वर्षी मरण पावला. चाचणीला महिना होताच, २ एप्रिलला, पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या निदान तूर्त थांबवाव्यात अशी मागणी केली. पुढील तीन वर्षांत या मागणीला जगभर बळ चढत गेले. लहान मुलांच्या दातांत आणि हाडांत किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम साठते हे कळल्यावर अमेरिकेतील मध्यमवर्गीय मातासुद्धा अस्वस्थ झाल्या. अशा वेळी चाचण्यांच्या समर्थकांना एका युक्तिवादाची निकड होती. तो त्यांना जमिनीखाली सापडला.

१९ सप्टेंबर १९५७ रोजी नेवाडाच्या वाळवंटात एका डोंगराच्या पोटात बोगदा खणून अमेरिकेने अणुस्फोट केला. ‘रेनियर’ हे त्याचे सांकेतिक नाव. शक्ती १.७ किलोटन, म्हणजे हिरोशिमावरील बाँबच्या सुमारे नवव्या हिश्शाएवढी. पुढे मार्च १९५८ मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने जाहीर केले की, या स्फोटाचा धक्का सुमारे अडीचशे मैलांपलीकडे कोठेही नोंदला गेला नाही. याचा अर्थ सरळ होता: उद्या रशियाने भूमिगत चाचणी केली तर ती बाहेरच्या कोणालाही कळणार नाही, सबब चाचणीबंदी हा मूर्खपणा होय.

त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये आय. एफ. स्टोन नावाचे एक डाव्या विचारांचे पत्रकार होते. मॅकार्थीच्या अमदानीत त्यांना मोठ्या वृत्तपत्रांत जागा उरली नव्हती, म्हणून १९५३ पासून ते स्वतःचे चार पानी साप्ताहिक काढीत. पत्नी वर्गणीदारांचा हिशेब पाही, हे लिखाण करीत. वर्गणीवर साप्ताहिक चालवण्याची दगदग ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी पुढचे लक्षपूर्वक ऐकावे. स्टोन यांना आठवले की, स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या एका दैनिकात बातमीच्या शेपटाला दोन-चार ओळी होत्या. टोरांटो, रोम आणि टोकियो येथे धक्का जाणवल्याचे त्यांत म्हटले होते. अंक त्यांनी जपून ठेवला होता. आयोगाचे निवेदन येताच ते उठले आणि सरकारच्याच भूमापन खात्यातील भूकंपशास्त्रज्ञांकडे गेले. तेथे त्यांना यादी मिळाली. दोन हजार मैलांहून अधिक दूर असलेल्या अलास्कातील केंद्रापर्यंत अमेरिका व कॅनडातील एकोणीस केंद्रांनी तो धक्का नोंदला होता. स्टोन यांनी ते छापले. आयोगाला आपले निवेदन दुरुस्त करावे लागले.

या प्रसंगावर मी मुद्दाम थोडा थांबलो. स्टोन यांनी कोणतीही गुप्त कागदपत्रे चोरली नव्हती. भूकंपाची नोंद ही त्या काळीही उघड विद्या होती. पृथ्वी एकच असल्यामुळे तिच्या एका टोकाची थरथर दुसऱ्या टोकाला पोचते आणि ती नोंदणारे यंत्र कोणत्याही विद्यापीठाच्या तळघरात बसवता येते. आमच्या पुण्यातही असे यंत्र होते. पुढे अमेरिकेने १९६० नंतर जगभर एकाच जातीच्या यंत्रांचे जाळे उभारले, त्यात पुणे, दिल्ली, शिलाँग आणि कोडाईकनाल ही केंद्रे आली. हेतू होता रशियाच्या चाचण्यांवर पाळत ठेवण्याचा. पण नोंदी सर्वांना खुल्या ठेवल्या गेल्यामुळे भूखंडांच्या सरकण्याचे आधुनिक शास्त्र त्यांतूनच दृढ झाले. युद्धखात्याच्या पैशाने झालेले इतके निरुपद्रवी काम मला दुसरे माहीत नाही.

जुलै-ऑगस्ट १९५८ मध्ये जिनिव्हा येथे तज्ज्ञांची परिषद भरली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा एका बाजूला. सोव्हिएत युनियन, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया दुसऱ्या बाजूला. शीतयुद्ध ऐन भरात असताना या आठ देशांच्या शास्त्रज्ञांनी सात आठवडे बसून एकमताने अहवाल दिला: जमिनीवर १६० ते १७० आणि समुद्रात दहा जहाजांवर केंद्रे उभारली, तर पाच किलोटनांपर्यंतच्या भूमिगत चाचण्या ओळखता येतील. त्या वर्षाच्या अखेरीपासून तिन्ही अण्वस्त्रधारी देशांनी चाचण्या थांबवल्या. तीन वर्षे त्या थांबल्या. करार हाताशी आला असे वाटत होते.

मग सबबींचे युग सुरू झाले. कोणी एखाद्या प्रचंड पोकळीत, हवेत टांगून स्फोट केला तर धक्का तीनशे पटींनी दबेल, असा सिद्धान्त १९५९ मध्ये अमेरिकेत मांडला गेला आणि हायड्रोजन बाँबचे एक जनक एडवर्ड टेलर यांच्या गोटाने तो उचलून धरला. सिद्धान्त खोटा नव्हता. पण अशी पोकळी जमिनीत खोलवर, कोणाला न कळता, काढलेला राडारोडा कोणाला न दिसता खणायची कशी, याचे उत्तर कोणी देईना. १९६६ मध्ये अमेरिकेने मिसिसिपीतील मिठाच्या थरात प्रत्यक्ष प्रयोग केला तेव्हा धक्का सुमारे सत्तर पटींनी दबल्याचे आढळले, आणि तेही अर्ध्या किलोटनाहून लहान स्फोटात. रशियाची तऱ्हा निराळी होती. आपल्या भूमीवर परकीय निरीक्षक येणे म्हणजे हेरगिरी, असा त्यांचा हट्ट होता. बंद समाज हेच त्यांचे लष्करी गुपित होते आणि ते उघडे करणे त्यांना बाँब सोडण्याइतकेच जड जात होते. १ सप्टेंबर १९६१ रोजी त्यांनीच प्रथम चाचण्या पुन्हा सुरू केल्या, हे आपण विसरता कामा नये. दोन आठवड्यांत अमेरिकेनेही तो मार्ग धरला.

या कोंडीत एका अनौपचारिक व्यासपीठाने हात घातला. बर्ट्रांड रसेल आणि आइन्स्टाइन यांच्या १९५५ च्या आवाहनातून शास्त्रज्ञांच्या परिषदा सुरू झाल्या. पहिली परिषद भारतात व्हावी असे नेहरूंचे निमंत्रण होते. सुएझच्या संकटामुळे ते राहून गेले. अखेर जुलै १९५७ मध्ये कॅनडातील पग्वॉश या खेड्यात, एका उद्योगपतीच्या घरी, दहा देशांतील २२ शास्त्रज्ञ जमले आणि त्या गावाचे नाव चळवळीला मिळाले. जोसेफ रॉटब्लाट हे तिचे प्राण. जर्मनी बाँब बनवीत नाही हे कळल्यावर अमेरिकेचा अणुबाँब प्रकल्प सद्सद्विवेकापोटी सोडून जाणारे ते एकटेच शास्त्रज्ञ होत. १९९५ चे शांततेचे नोबेल त्यांना आणि पग्वॉशला मिळून दिले गेले.

सप्टेंबर १९६२ मध्ये पग्वॉशची परिषद लंडनला भरली. तेथे अमेरिकन व सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मिळून एक तोडगा मांडला: माणसे नकोत, तर मोहोरबंद पेट्यांतील स्वयंचलित भूकंपमापके एकमेकांच्या भूमीवर ठेवा, पेटी कोणी उघडली तर कळेल, न उघडली तर ती खरे बोलेल. तीन महिन्यांत ही कल्पना सरकारी दप्तरात पोचली. क्युबाच्या पेचप्रसंगाने दोन्ही नेते हादरलेले होते. १९ डिसेंबर १९६२ च्या पत्रात क्रुश्चेव्ह यांनी केनेडींना कळवले की, अशा तीन पेट्या आणि वर्षाला दोन-तीन प्रत्यक्ष तपासण्या आम्ही मान्य करू. अमेरिका आठ ते दहा तपासण्या मागत होती. ती सातपर्यंत उतरली. रशिया तीनवर अडला.

सात आणि तीन. चार तपासण्यांच्या फरकावर सर्वंकष चाचणीबंदी त्या वर्षी बुडाली. इतरही कारणे होती. अमेरिकन सिनेटमधील विरोध होता, क्रुश्चेव्ह यांच्या घरातील कटकटी होत्या. तरी वाटाघाटींच्या टेबलावर शेवटी उरलेला आकडा तोच. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अर्धवट करार झाला: हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या नकोत, जमिनीखाली चालतील. मातांच्या दुधाची चिंता मिटली आणि चळवळ ओसरली. चाचण्या मात्र वाढल्या. १९४५ पासून जगात दोन हजारांहून अधिक अणुचाचण्या झाल्या. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश भूमिगत, म्हणजे मुख्यतः त्या करारानंतरच्या. लोकांना दिसेनासे झालेले संकट लोकांच्या दृष्टीने संपलेले असते, हे राज्यकर्त्यांना नेमके ठाऊक असते.

संशोधनाने मात्र पाठ सोडली नाही. येथे स्वीडनचा उल्लेख अगत्याने केला पाहिजे. स्वीडनने अलिप्ततेच्या काळात दीडशे वर्षांची अखंड शांतता अनुभवली, तिचे स्मरण म्हणून १९६६ मध्ये तेथील संसदेने स्टॉकहोम येथे शांतता-संशोधन संस्था स्थापन केली. हीच ‘सिप्री’. दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, दोन्ही गटांतील भूकंपशास्त्रज्ञांना एकत्र बसवून या संस्थेने भूमिगत स्फोट ओळखण्याच्या पद्धतींवर अहवाल काढला. पुढे स्वीडनच्याच सूचनेवरून १९७६ मध्ये जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण समितीने शास्त्रीय तज्ज्ञांचा गट नेमला. मुत्सद्दी वीस वर्षे भांडत राहिले; हा गट त्या काळात नोंदींचे नमुने ठरवीत, देशोदेशींची केंद्रे जोडून पाहत, चुका दुरुस्त करीत बसला. पहिला मोठा सराव त्यांनी १९८४ मध्ये केला. वर्तमानपत्रांत येण्यासारखे त्यात काहीच नव्हते.

स्फोट आणि भूकंप यांतला भेद सांगणे अवघड नाही. भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांवरून सरकतात, त्यामुळे पहिला धक्का काही दिशांना ढकलणारा तर काही दिशांना ओढणारा असतो. स्फोट सर्व दिशांना सारखाच ढकलतो. भूकंपात पृष्ठभागावरून जाणाऱ्या संथ लाटा जोरदार असतात, स्फोटात त्या मानाने क्षीण. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने मराठवाडा उद्ध्वस्त केला. त्यानंतर पाचच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, चीनने लोपनोर येथे भूमिगत अणुचाचणी केली. एकाच आठवड्यात जगभरच्या केंद्रांच्या कागदावर दोन्ही नोंदी उमटल्या. त्या दोन रेषांची गल्लत कोणत्याही जाणकाराने केली नसती.

अर्थात ओळखणे निराळे आणि मापणे निराळे. १९७४ च्या करारान्वये अमेरिका व रशियाने १५० किलोटनांहून मोठ्या चाचण्या न करण्याचे मान्य केले होते. रेगन यांच्या सरकारने आरोप केला की, रशिया ही मर्यादा मोडीत आहे. कारण कझाकस्तानातून येणारे धक्के फार मोठे आहेत. या आरोपाचा पाया भूगर्भशास्त्राच्या एका साध्या गोष्टीपाशी ढासळतो. नेवाडाखालचा थर तप्त आणि मऊ आहे, तो लाटा शोषून घेतो. कझाकस्तानचा खडक जुना, थंड आणि कठीण आहे, तो लाटा जशाच्या तशा पुढे धाडतो. तेवढ्याच शक्तीचा स्फोट तेथे मोठा भासतो. नेवाडाची फूटपट्टी कझाकस्तानला लावली म्हणून रशिया लबाड ठरला! अमेरिकन काँग्रेसच्याच तंत्रज्ञान-मूल्यमापन कार्यालयाने १९८८ मध्ये अहवाल देऊन सांगितले की, रशिया मर्यादा पाळीत असल्याशी उपलब्ध पुरावा सुसंगत आहे. तोवर त्या आरोपाचा राजकीय उपयोग करून झाला होता.

आता १९८६ कडे येऊ. गोर्बाचेव्ह यांनी हिरोशिमाच्या स्मृतिदिनी, ६ ऑगस्ट १९८५ पासून, एकतर्फी चाचण्या थांबवल्या होत्या. अमेरिका थांबायला तयार नव्हती. पडताळणी कशी करणार, हे तिचे पालुपद होते. तेव्हा एका अमेरिकन पर्यावरणवादी संघटनेने, नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिलने, सोव्हिएत विज्ञान अकादमीशी थेट करार केला. सरकारची परवानगी नाही, परराष्ट्रखात्याची मध्यस्थी नाही. मे महिन्यात मॉस्कोत सह्या झाल्या आणि जुलैमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे भूकंपशास्त्रज्ञ आपली यंत्रे घेऊन सेमिपालातिन्स्कच्या चाचणीक्षेत्रापासून सुमारे २०० किलोमीटरवर, कारकारालिन्स्क येथे उतरले. तीस वर्षे ‘अशक्य’ म्हणून सांगितलेली गोष्ट दोन महिन्यांत झाली होती.

यावर हुरळून जाण्याचे कारण नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये रशियाने चाचण्या पुन्हा सुरू केल्या तेव्हा, स्फोटाच्या वेळी यंत्रे बंद ठेवा, अशी अट घातली गेली. आणखी एक गोष्ट मला सलते. अमेरिकन यंत्रे कझाकस्तानात पोचली त्या जुलैत, सोव्हिएत हायड्रोजन बाँबचे जनक आणि चाचण्यांचे पहिले सोव्हिएत टीकाकार आंद्रेई साखारोव गॉर्की शहरात स्थानबद्ध होते. त्यांची सुटका डिसेंबरमध्ये झाली. परकीय शास्त्रज्ञाला आत घेता येते आणि आपल्या शास्त्रज्ञाला बोलू देता येत नाही, ही त्या राजवटीची विसंगती होती. पग्वॉशच्या बैठकांत सोव्हिएत प्रतिनिधी साखारोवांविषयी मौन पाळीत, आणि पाश्चात्त्य मित्र संवाद तुटू नये म्हणून ते मौन फार ताणीत नसत. बंद दाराआडच्या संवादाची ही किंमत आहे. ती मोजूनही संवाद हवाच, असे माझे मत आहे. पण किंमत नव्हतीच असे म्हणू नये.

दार बाहेरून ढकलले ते लोकांनी. फेब्रुवारी १९८९ मध्ये सेमिपालातिन्स्कच्या एका चाचणीतून किरणोत्सारी वायू बाहेर पडला. कझाक कवी ओल्झास सुलेमेनोव दूरदर्शनवर कविता वाचायला गेले आणि त्याऐवजी त्यांनी चाचण्यांविरुद्ध आवाहन केले. अमेरिकेतील चाचणीक्षेत्राच्या परिसरातील लोकांशी नाते सांगण्यासाठी चळवळीने ‘नेवाडा-सेमिपालातिन्स्क’ हे नाव घेतले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरनंतर तेथे चाचणी झाली नाही. २९ ऑगस्ट १९९१ रोजी ते क्षेत्र कायमचे बंद झाले. चाळीस वर्षांत तेथे ४५६ चाचण्या झाल्या होत्या. आसपासच्या खेड्यांतील लोकांना त्या काळात काय सोसावे लागले, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आता आपल्या घराकडे वळू. १९८४ मध्ये भारत, स्वीडन, ग्रीस, मेक्सिको, अर्जेंटिना आणि टांझानिया यांनी मिळून सहा राष्ट्रांचा पुढाकार सुरू केला. स्वीडनचे समाजवादी पंतप्रधान ओलोफ पाल्मे त्याचे एक शिल्पकार. सुरक्षितता शत्रूविरुद्ध मिळत नाही, ती शत्रूसहच मिळवावी लागते, हा विचार पाल्मे यांच्या आयोगाने १९८२ मध्ये मांडला होता. आपल्या परराष्ट्रसेवेतील पहिल्या स्त्री अधिकारी सी. बी. मुथम्मा त्या आयोगाच्या सदस्य होत्या. फेब्रुवारी १९८६ मध्ये पाल्मे यांची भर रस्त्यात हत्या झाली. त्याच ऑगस्टमध्ये मेक्सिकोतील परिषदेत सहा राष्ट्रांनी दोन्ही महासत्तांना सांगितले: तुमचा परस्परांवर विश्वास नसेल, तर तुमच्या चाचणीक्षेत्रांवर आमचे तज्ज्ञ यंत्रे घेऊन बसतील. राजीव गांधींची त्यावर सही आहे.

हे बोलण्याचा अधिकार भारताला होता. कर्नाटकात, बंगळूरच्या उत्तरेस, गौरीबिदनूर येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६० च्या दशकाच्या मध्यास ब्रिटनच्या सहकार्याने भूकंपमापकांची एक मालिका उभारली. काटकोनातील दोन रांगांत वीस यंत्रे. त्या धर्तीच्या मालिका जगात चारच: स्कॉटलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि आपली. दूरदेशीचे भूमिगत स्फोट ओळखणे हाच त्यांचा हेतू.

दहा वर्षांनी चित्र पालटले. सप्टेंबर १९९६ मध्ये सर्वंकष चाचणीबंदी करार सह्यांसाठी खुला झाला, तेव्हा भारताने सही नाकारली. आपले आक्षेप पोकळ होते असे मी म्हणणार नाही. करारात अण्वस्त्रे नष्ट करण्याची मुदत नव्हती, बड्या राष्ट्रांना प्रयोगशाळांत आणि संगणकांवर शस्त्रे सुधारण्याची मोकळीक होती, आणि ४४ राष्ट्रांच्या यादीत आपले नाव घालून आपल्या सहीवाचून करार अमलात येणार नाही अशी गोम ठेवली होती. परंतु या आक्षेपांमागून मे १९९८ मध्ये पोखरणचे स्फोट निघाले. ११ मेच्या तीन स्फोटांची एकूण शक्ती सुमारे ६० किलोटन असल्याचे सरकारने सांगितले. परदेशी भूकंपशास्त्रज्ञांनी आपल्या नोंदींवरून ती त्याच्या निम्म्याहूनही कमी ठरवली. २००९ मध्ये चाचण्यांत प्रत्यक्ष सहभागी असलेले के. संथानम यांनीच औष्णिक-आण्विक स्फोट अपेक्षेप्रमाणे झाला नसल्याचे जाहीरपणे म्हटले. अणुऊर्जा खात्याने उत्तर दिले. खरे कोणाचे? बाँब बनवणारा आणि बाँब मोजणारा एकच असेल, तर नागरिकाने कोणाकडे पाहावे?

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. १३ मेच्या दोन स्फोटांची शक्ती एका किलोटनाहून कमी असल्याचे सांगण्यात आले. त्यांची नोंद परदेशातील कोणत्याही खुल्या केंद्रावर सापडली नाही. इस्लामाबादजवळच्या निलोर केंद्रावरही नाही. कोरड्या वाळूत केलेला अगदी लहान स्फोट निसटू शकतो. पडताळणीला मर्यादा आहेत. प्रश्न इतकाच की, इतक्या लहान, लपवलेल्या स्फोटांतून कोणते राष्ट्र नवे महास्त्र बनवू शकेल? उलट २००६ मध्ये उत्तर कोरियाची एक किलोटनाहूनही लहान पहिली चाचणी जगभर नोंदली गेली. २०१७ पर्यंतच्या सहाही चाचण्या नोंदल्या गेल्या. व्हिएन्नाहून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय जाळ्याच्या आराखड्यात ३२१ केंद्रे आणि १६ प्रयोगशाळा आहेत. भूकंपमापकांखेरीज समुद्रातील ध्वनी, हवेतील दाब आणि किरणोत्सारी कण टिपणारी यंत्रे त्यांत आहेत. त्यांतली बहुतेक काम करीत आहेत. करार अमलात आलेला नाही, पण त्याची यंत्रे जागी आहेत. २००४ च्या त्सुनामीनंतर त्यांच्या नोंदी इशारा देणाऱ्या केंद्रांनाही दिल्या जाऊ लागल्या. या जाळ्यात भारताचे एकही केंद्र नाही. १९८६ मध्ये नेवाडात आणि सेमिपालातिन्स्कमध्ये यंत्रे घेऊन जाऊ म्हणणारा देश गौरीबिदनूरची नोंद देत नाही.

हा विषय आजच का, असे तुम्ही विचाराल. रशियाने नोव्हेंबर २०२३ मध्ये या कराराचे आपले अनुसमर्थन मागे घेतले. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस अमेरिकेच्या अध्यक्षांनी, इतरांच्या बरोबरीने चाचण्या सुरू करण्याचा आदेश दिल्याचे जाहीर केले आणि थोड्याच दिवसांत रशिया, चीन व पाकिस्तान गुपचूप चाचण्या करतात असे म्हटले. सिप्रीच्या हिशेबाप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये जगात १२,२४१ अण्वस्त्रे होती. भारताची सुमारे १८० आणि पाकिस्तानची सुमारे १७०. पाकिस्तानचे नाव निघाले की पोखरणची वाळू पुन्हा उकरावी असे म्हणणारे आपल्याकडे आहेतच. ‘ते करतात, आपल्याला कळत नाही’, हे १९५८ चे वाक्य आहे. त्या वेळी ते खोटे पाडायला एक जुने वर्तमानपत्र आणि एका खात्याच्या दारापर्यंतची पायपीट पुरली होती. आज नोंदी कितीतरी अधिक आहेत; त्या मागणारे कोठे आहेत?

म्हणून तीन गोष्टी मागाव्यात असे मला सुचवायचे आहे. करारावर सही न करतासुद्धा गौरीबिदनूरच्या नोंदी आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांना खुल्या करता येतील. त्याने आपल्या कोणत्याही आक्षेपाला बाध येत नाही. अणुऊर्जा आणि संरक्षण या दोन्ही खात्यांपासून अलग, संसदेला उत्तरदायी अशी निःशस्त्रीकरण-संशोधनाची संस्था आपल्याकडे हवी. स्वीडनसारख्या लहान देशाला जे १९६६ मध्ये परवडले ते आपल्याला परवडेल. तिसरी मागणी कठीण आहे. १९९८ नंतर भारताने स्वेच्छेने स्वीकारलेली चाचणीबंदी हे केवळ सरकारचे निवेदन आहे. दुसरे सरकार ते एका सकाळी मागे घेऊ शकते आणि आपल्याला ते दूरदर्शनवरून कळेल. त्या निवेदनाला संसदेत ठरावाचे, जमल्यास कायद्याचे रूप यावे. पहिल्या मागणीचा प्रश्न लोकसभेत विचारला जावा यासाठी आपापल्या खासदारांना द्यावयाच्या पत्राचा मसुदा मी बरोबर आणला आहे. त्यातील तांत्रिक भाग सोपा करायचा आहे. चर्चेच्या वेळी आपण त्यावरूनच सुरुवात करू.